सोसायटीच्या लॉनवर आगगाडी चालवायचीय? मग आधी जमीन बघा

मुंबईत लॉन असतं कुठे, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात आणि त्यांचंही बरोबर आहे, जिथे बाल्कनीत तुळशीची कुंडी ठेवायची तर कपडे वाळत घालायचा स्टँड आत घ्यावा लागतो तिथे बागेत छोटी मॉडेल रेल्वे कोण टाकणार. पण मुलुंड, बोरिवली, चेंबूरकडच्या जुन्या सोसायट्यांत बिल्डिंगच्या मागे एखादा हिरवा तुकडा असतो, १५ ऑगस्टला तिथे झेंडा लागतो आणि उरलेलं वर्ष "गवतावर चालू नये" ही पाटी पहारा देते. आमचं लॉन त्यातलंच, ३० बाय १५ फूट. गेले चार सीझन, म्हणजे दसऱ्यापासून मेपर्यंत, मी रविवारी सकाळी तिथे रूळ टाकतो आणि दुपारी जेवायच्या आत उचलतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. इंजिनावर पैसे टाकायच्या आधी जमिनीवर वेळ घाला. माझी गाडी जितक्या वेळा घसरली त्यातल्या जवळजवळ सगळ्या वेळा मी इंजिन उलटं करून चाकं बघत बसलो आणि दोष निघाला रुळाखालच्या गवतात.

गेज कोणतं घ्यायचं

घरात टेबलावर चालते ती बहुतेक एचओ गाडी, तिच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजेच गेज, १६.५ मिलिमीटर. ती लॉनवर नेऊ नका, एक सुकलेलं पान म्हणजे तिच्यासाठी कसाऱ्याला दरड कोसळल्यासारखं आहे. बाहेर चालतं ते ४५ मिलिमीटर गेज, ज्याला लोक ढोबळपणे जी स्केल म्हणतात. हे लोकप्रिय केलं जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने, १९६८ पासून, एलजीबी नावाने (हा ब्रँड आता मेर्कलिनकडे आहे). प्रमाण १ ला २२.५, म्हणजे खऱ्या मीटरगेजचं छोटं रूप, आपल्याकडे अकोला-खांडवा लाईन होती ना तसं मीटरगेज.

आता लगेच कोणीतरी विचारणार की मला लोकल चालवायचीय. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, २२.५ ने भागलं तर साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटर येतात, तसले तयार रूळ बाजारात मिळत नाहीत. आणि लोकलचा डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे या प्रमाणात एकेक डबा जवळपास ९० सेंटिमीटर, १२ डब्यांची गाडी १० मीटरच्या पुढे जाते, तिचं तोंड तिच्याच शेपटाला लागेल. तो नाद पहिल्या वर्षी तरी सोडा. माथेरानची गाडी करायची असेल तर मात्र हिशोब सुंदर बसतो, ती लाईन ६१० मिलिमीटरची, १ ला १९ प्रमाणात बरोबर ३२ मिलिमीटर होतात आणि त्या गेजचे बाहेर टाकायचे रूळ पेको ही ब्रिटिश कंपनी बनवते. पेको वेगळी आणि पिको वेगळी हां, पिको जर्मन आहे आणि ४५ मिलिमीटरच्या गाड्या करते, ऑर्डर देताना स्पेलिंग दोनदा बघा.

नव्या माणसाने स्टार्टर सेट घ्यावा, त्यात इंजिन, दोन डबे, एक गोल पुरेल इतके रूळ आणि कंट्रोलर येतो. किंमत सांगत नाही कारण निम्मी किंमत तर कस्टमच ठरवतं, खेळण्यांवरची बेसिक ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे कोणाचा भाचा, कोणाची मेहुणी परदेशातून येणार असेल तर त्यांच्याकडून सेकंडहँड मागवणं हाच आपल्या लोकांचा राजमार्ग, बॅगेजचे नियम त्यांना आधी बघायला सांगा. फक्त अमेरिकेतून आणलेल्या सेटचा कंट्रोलर इथल्या प्लगात सरळ लावू नका, तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात, एक धुराची रेघ निघते आणि खेळ खलास. जर्मनीतला चालतो, तिकडेही २३० च आहेत.

कमिटीची परवानगी

हे काम गाडी यायच्या आधी करा. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण गवत मेलं तर कोण जबाबदार?" मी म्हटलं, काका, चार तासांत गवत मरत नाही, गणपतीच्या मांडवाखाली बारा दिवस झाकून राहतं तेव्हा पिवळं पडतं, तरी दिवाळीपर्यंत परत येतं ना. त्यावर हसले आणि पत्र द्या म्हणाले. पत्रात तीन गोष्टी लिहा, की खड्डा खणणार नाही, २३० व्होल्टची वायर लॉनवर आणणार नाही, आणि दुपारी एकच्या आत सगळं उचलणार. चौथी गोष्ट लिहायची नसते पण करायची असते, माळीकाकांशी दोस्ती. गवत शुक्रवारी कापायचं, पाणी शनिवारी सकाळपासून बंद ठेवायचं, हे त्यांनी मनावर घेतलं तरच रविवार चांगला जातो. घरात मी याला मेगाब्लॉक म्हणतो, फरक एवढाच की आमचा मेगाब्लॉक शुक्रवारी असतो आणि रविवारी गाड्या वेळेवर धावतात.

जमीन, जमीन आणि जमीन

लॉन लांबून सपाट दिसतं. मेक्सिकन गवत तर गालिचाच, पण त्याला वेळेवर कापलं नाही तर आतून उंचवटे धरतात आणि पाय ठेवला की स्पंजासारखं दबतं. रूळ सरळ गवतावर ठेवून गाडी सोडली तर पहिल्या दोन फेऱ्या ठीक जातात, तिसऱ्या फेरीला इंजिनाच्या वजनाने एखादा सांधा खाली जातो, गवताची काडी चाकात अडकते, आणि हळूहळू ती धुऱ्याला गुंडाळत जाऊन गिअरपर्यंत पोचते. मी पहिल्या महिन्यात चिमट्याने गिअरमधून गवत काढायचो, बायको म्हणायची पालक निवडायला बसला असतास तर काही उपयोग तरी झाला असता.

यावर माझा उपाय म्हणजे फळ्या. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड मिळतो प्लायच्या दुकानात, १८ एमएमचा घ्या, पाण्याने फुगत नाही आणि वाळवी लागत नाही. सरळ भागासाठी ६ इंच रुंद आणि ४ फूट लांब पट्ट्या कापून घ्यायच्या, वळणासाठी पाव वर्तुळाचे चार तुकडे. प्लायवाल्याला कागदावर आकृती काढून द्या, कमानी एकात एक बसवून कापल्या की बोर्ड वाया जात नाही.

हिशोब असा. एलजीबीचं सगळ्यात छोटं वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचं, १२ तुकड्यांत पूर्ण गोल होतो, म्हणजे पाव वर्तुळाच्या एका फळीवर तीन तुकडे. सरळ रूळ ३०० मिलिमीटरचा, चार फुटी पट्टीवर चार बसतात. चार कमानी आणि चार पट्ट्या, एकूण आठ फळ्या, की झाला साडेआठ मीटरचा लंबगोल, जागा लागते सुमारे ५ फूट रुंद आणि १३ फूट लांब. जागा जास्त असेल तर वळण मोठं घ्या, १२०० मिलिमीटरच्या आसपासच्या त्रिज्येचं मिळतं, गाडी त्यावर खरंच गाडीसारखी वळते, छोट्या वळणावर लांब डबे बाहेर ढुंगण काढून चालतात. पण मोठ्या वळणाला अडीच मीटरच्या वर रुंदी लागते आणि फळ्याही जड होतात, आणि त्या चौथ्या मजल्यावरून तुम्हालाच उतरवायच्यात.

फळ्या मांडायच्या आधी उतार काढा. यासाठी बांधकामावरचे गवंडी वापरतात तो लेवल पाईप सगळ्यात भारी, पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन टोकं दोन काठ्यांना धरून पाण्याची पातळी बघायची. आमचं लॉन ३० फुटांत ४ इंच उतरतं, पावसाचं पाणी जावं म्हणून तसं केलेलं असतं. म्हणजे ९० ला १ चढ, एवढा गाडी आरामात चढते. ५० ला १ पर्यंत काळजी करू नका, त्याहून जास्त असेल तर खालच्या बाजूला फळीखाली पाचर मारा. माथेरानच्या लाईनला २० ला १ चढ आहेत हे ऐकून लोकांना वाटतं आपणही करू, करा, पण मग इंजिनामागे एकच डबा लावा.

खरा घोळ आडव्या उताराचा. लांबीचा चढ गाडी सोसते, पण डावा रूळ वर आणि उजवा खाली, आणि पुढच्याच फळीवर उलटं, असा पीळ पडला की गाडी घसरलीच म्हणून समजा, कारण चार चाकांपैकी एक हवेत राहतं. म्हणून छोटी पाणसळ रुळांवर आडवी ठेवून प्रत्येक फळी दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासायची. पाचरी मी जुन्या दाराच्या चौकटीतून कापल्यात, तीसेक आहेत, लाल रंग दिलाय म्हणजे गवतात दिसतात. पहिल्या दिवशी याला दीड तास लागला. आता पंचवीस मिनिटं लागतात कारण फळ्यांना नंबर आहेत आणि कोणत्या नंबरखाली किती पाचरी हे फळीच्या पोटाला मार्करने लिहून ठेवलंय. हे मात्र नक्की करा.

स्वतःचं अंगण असलेल्या भाग्यवंतांसाठी, वसई-उत्तनकडे अजून आहेत, दोन ओळी. तिथे फळ्या नकोत, ६ ते ८ इंच रुंद चर खणा, ४ इंच खोल, तळाला जिओटेक्स्टाईल कापड, त्यावर बारीक खडी, आणि वर क्रशरची कच टाकून रूळ त्यात बसवा. टोकदार कच एकमेकांत अडकून बसते, नदीतले गोल गोटे दिसायला छान पण गडगडतात. सिमेंटमध्ये रूळ गाडू नका, पावसाळ्यात जमीन हलते आणि मग फोडायचं कसं.

रूळ जोडताना

रूळ बहुतेक पितळी असतात आणि पितळ उन्हात वाढतं. जानेवारीत सकाळी सातला रूळ थंडगार, अकराला हात लावला तर चटका, तीस अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात १० मीटर पितळ साडेपाच मिलिमीटरच्या वर लांबतं. जागा नाही मिळाली तर रूळ सापासारखे वाकतात. मोठ्या रेल्वेत यासाठी काय काय करतात ते बाजूला ठेवा, आपण प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची आणि फळीवर स्क्रू मारताना शेवटचा अर्धा आटा सैल सोडायचा. स्क्रू गच्च पिळू नका, रुळांखालचे आडवे स्लीपर प्लास्टिकचे असतात, मध्ये दबले की गेज बिघडतं.

रूळ फळीवर एकदाच पक्के केले की दर रविवारी फक्त आठ सांधे जोडायचे उरतात. फळ्यांची टोकं एकमेकींना धरून राहावीत म्हणून खालून साधी पत्र्याची पट्टी आणि दोन विंग नट, नागदेवी स्ट्रीटला पिशवीभर मिळतात.

करंट रुळातून की बॅटरी

सेटबरोबर येतो तो कंट्रोलर रुळांतून डीसी करंट सोडतो, १८ ते २४ व्होल्टपर्यंत. एवढ्या व्होल्टेजने शॉक बसायची भीती नाही, भीती असते ती त्याच्या मागच्या २३० व्होल्टच्या प्लगची. म्हणून तो अडॅप्टर तळमजल्यावरच्या कोणाच्या तरी खिडकीच्या आत ठेवायचा, ज्या प्लगावर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे अशाच, आणि बाहेर फक्त कमी व्होल्टेजची जाड वायर आणायची. गवत ओलं, पोरं अनवाणी, इथे जुगाड नको.

पण मुंबईत या पद्धतीची वेगळीच कटकट आहे. खारी दमट हवा, पितळावर आठवड्यात काळपट थर चढतो आणि त्यातून करंट जात नाही, गाडी आचके देत चालते. मग दर रविवारी भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने रुळांचा माथा घासायचा. तारेची घासणी वापरू नका, तिचे लोखंडी तुकडे मोटरच्या चुंबकाला ओढले जातात आणि आत जाऊन बसतात. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडरही नको, ती सांध्यांत राहते आणि चिखल होतो.

दुसऱ्या वर्षी मी कंटाळून बॅटरीवर गेलो आणि तेव्हापासून सुखी आहे. १८६५० साइजचे चार लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे १४.८ व्होल्ट, बीएमएस (सेल जास्त चार्ज किंवा पूर्ण रिकामे होऊ न देणारं सर्किट) लावलेला तयार पॅक, आणि रेडिओ रिमोट, सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. पॅक स्वतः सोल्डर करायच्या भानगडीत नवीन माणसाने पडू नये. पॅक इंजिनात मावला नाही म्हणून मी तो मागच्या मालडब्यात टाकलाय आणि वर खोटा कोळसा, कोणाला कळत नाही. रूळ कळकट असले तरी गाडीला फरक पडत नाही. २६०० एमएएचचा पॅक आणि इंजिन साधारण १ अँपिअर ओढतं, कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात दोन धरा.

हे तपासायला आम्ही एक गंमत केली. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटर, २२.५ ने भागलं की दीड किलोमीटर आणि थोडं वर, म्हणजे आमच्या लंबगोलाच्या १७६ फेऱ्या. बी विंगच्या पोरांनी खडूने फरशीवर रेघा मारत मोजल्या, शंभरीनंतर दोघांचं भांडण झालं की एक फेरी मोजली नाही, पण गाडी सव्वा तासात एका चार्जवर ठाण्याला पोचली. चार्जिंग सावलीत करा, आणि मे महिन्यात पॅक गाडीच्या डिकीत विसरू नका.

वाफेचं खरं इंजिनही मिळतं, गॅसवर चालणारं. सुकलेलं गवत आणि आग, मी काय सांगू. निदान एक सीझन बॅटरीवर काढा.

चालवताना

सकाळी लवकर उतरायची घाई करू नका, डिसेंबर-जानेवारीत दव असतं आणि ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी फिरतात. सुक्या फडक्याने रूळ पुसून आठच्या सुमाराला सुरू करा, साडेअकरापर्यंत आवरतं घ्या, नंतर ऊन इतकं की काळं इंजिन तापून निघतं. आधी इंजिन एकटंच दोन फेऱ्या फिरवा, दोन्ही दिशांना, मग एक डबा, मग दुसरा. जड डबा नेहमी इंजिनाजवळ, हलका शेवटी, उलटं केलं तर वळणावर हलका डबा आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो.

वेग हा सगळ्यांचा वीक पॉइंट. खऱ्या गाडीच्या ताशी ३० किलोमीटरचं या प्रमाणात सेकंदाला ३७ सेंटिमीटर होतं, म्हणजे साडेआठ मीटरची फेरी २३ सेकंदांत. घड्याळ लावून बघा, नवीन माणूस दहा सेकंदांत फिरवत असतो. पोरं "काका फास्ट, काका फास्ट" करणार, त्यांना सांगा ही स्लो आहे, सगळीकडे थांबते.

झाडं कोणती आहेत तेही बघा. गुलमोहर किंवा सोनमोहर वर असेल तर त्याची बारीक पानं रुळावर चिरडून बुळबुळीत थर होतो, दर अर्ध्या तासाने कापड फिरवावं लागतं. बदामाची पानं बरी, मोठी असतात, हाताने उचलता येतात. कावळे प्लॅटफॉर्मवरची माणसं उचलून नेतात, माझे एक स्टेशनमास्तर आणि एक भाजीवाली गेली, स्टेशनमास्तर नंतर टाकीवर सापडले.

आवरताना

डबे आधी, मग इंजिन, मग फळ्या. प्रत्येक चाकाला एकदा टॉर्च मारून बघा, केस आणि गवत तिथल्या तिथे काढा, घरी गेल्यावर कोणी काढत नाही. धुऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, गिअरला प्लास्टिकला चालणारंच ग्रीस. मेच्या शेवटी सीझन बंद करायचा, पाऊस १० जूनच्या आसपास येतो म्हणतात पण वळीव कोणाला विचारून येत नाही. बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा, इंजिन सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. मूळ पुठ्ठ्याचे बॉक्स कपाटाच्या वर ठेवलेत तर जुलैत त्यांना बुरशी धरणार, माझ्या दोन बॉक्सना धरलीच.

आणि निघायच्या आधी जॉइनर, म्हणजे रूळ जोडायच्या पितळी क्लिपा, मोजा. आठ सांधे, दोन-दोन, सोळा झाले पाहिजेत. एक गवतात राहिला तर तो शुक्रवारी माळीकाकांच्या मशीनच्या पात्यात जातो, आणि मग झालेली दोस्ती, सेक्रेटरींचं पत्र, सगळंच धोक्यात. चुंबक फिरवून उपयोग नाही, पितळ त्याला चिकटत नाही. चप्पल काढून अनवाणी फिरा, सापडतो.